मिटल्या डोळ्यांचा साक्षीदार

भाऊंनी शांत व्हायचं ठरवलं, त्या दिवशी बिल्डिंगमध्ये कधी नव्हे एवढा आवाज झाला. कारण शांत व्हायचं तर बसायला जागा हवी, जागा हवी तर बाल्कनी रिकामी हवी, आणि भाऊंच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत तेव्हा एक वॉशिंग मशीन, दोन मोडक्या खुर्च्या, पाय तुटलेलं इस्त्रीचं टेबल आणि ‘कधीतरी लागेल’ एवढ्याच पुण्याईवर तग धरून असलेलं बरंच सामान राहत होतं. भाऊ मशीन ढकलत होते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या वहिनी, आतून ओरडून सांगत होत्या, “अहो, आधी पाइप काढा, मग ढकला!” भाऊंनी आधी ढकललं. पाइप आपला आपण निघाला आणि मशीनमधलं साबणाचं पाणी थेट खालच्या दाराच्या पायऱ्यांवर गेलं.

खाली मावशी होत्या. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून जिने झाडणाऱ्या, पायऱ्या पुसणाऱ्या मावशी. “भाऊ, आत्ता पुसलंय मी हे!”

“मग परत पुसा!”

“तुम्ही या खाली, तुम्ही पुसा!”

यानंतर जे झालं त्यात नवीन काही नव्हतं. भाऊ आणि मावशी रोज भांडायचे. कधी दारातल्या चपलांवरून, कधी बादली ठेवण्याच्या जागेवरून, कधी विषय मिळाला नाही तर कालच्या भांडणात आधी कोण गप्प बसलं यावरून. दोघांचेही आवाज खणखणीत. पण एकमेकांचं वाईट दोघांनीही कधी चिंतलं नाही, आणि एखाद्या दिवशी मावशी आल्या नाहीत तर “का आल्या नाहीत?” हे पहिल्यांदा भाऊच विचारायचे, तेही ओरडूनच.

शांत व्हायचं खूळ मूळचं डॉक्टरांचं. रक्तदाब मोजून ते म्हणाले होते, “एक तर राग कमी करा, नाहीतर मी गोळी वाढवतो.” भाऊ डॉक्टरांवरच चिडले. घरी आल्यावर वहिनींवर चिडले. आणि कुणावर चिडायचं हे सुचेना तेव्हा त्यांनी जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या ध्यानाच्या वर्गात नाव घातलं.

पहिल्या दिवशी भाऊ वेळेवर पोचले, पण चपला कुठे काढायच्या यावरून दाराशी वाद झाला. वाद भाऊंनी जिंकला. जिंकून आत गेले तोवर त्या दिवशीचं बोलणं आटोपलं होतं.

“काय सांगितलं?” त्यांनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं.

“विशेष काही नाही हो. तेच आपलं, खोटं बोलू नका, कुणाला दुखवू नका, चांगलं वागा.”

भाऊंना हायसं वाटलं. एवढं त्यांना येतच होतं. ते न शिकल्याने काही बिघडणार नव्हतं. खरी विद्या पुढच्या वर्गांत होती. पाठीचा कणा ताठ, डोळे अलगद मिटलेले, श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा. आणि मग ध्यानवाल्या सरांनी तो शब्द सांगितला, ज्याने पुढचं सगळं रामायण घडलं. साक्षीभाव. “मनात राग आला, बघा. बाहेर आवाज झाला, ऐका. लगेच धावून जाऊ नका. तुम्ही फक्त साक्षी आहात.”

हा शब्द भाऊंना फारच आवडला. जन्मभर ज्या माणसाने कुठल्याही गोष्टीत पडायचं बाकी ठेवलं नव्हतं, त्याला ‘तुम्ही कशातच पडू नका’ असं सांगणारा गुरू भेटला होता.

आता प्रश्न राहिला बाल्कनीला पडदा लावण्याचा. माणूस घरात ध्यानाला बसतोय म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खास जिना उतरून आल्या आणि त्यांनी सांगितलं की त्यांचे एक दीर असेच बसायला लागले आणि त्यांची मान जी डावीकडे वळली ती वळलीच. “तेव्हा तुम्ही बसा, पण मान मोकळी ठेवा.” दुसऱ्या मजल्यावर मास्तर राहत. हयातभर त्यांनी व्याकरण शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही ते थांबलेलं नव्हतं. ते म्हणाले, “पडदा लावणार म्हणू नका. पडदा सोडणार म्हणा. लावतात ते दार.” भाऊ म्हणाले, “मास्तर, आधी तो टांगू तर द्या.” मास्तर म्हणाले, “टांगणे हे क्रियापद ठीक आहे.”

पण पडदा लावणं, सोडणं आणि टांगणं, तिन्ही सेक्रेटरींच्या हातात होतं. सोसायटीचे सेक्रेटरी हे मुळात सज्जन गृहस्थ. बायकोला भ्यायचे, पाणी जपून वापरायचे. मात्र नियम म्हटला की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. बिल्डिंग बाहेरून एकसारखी दिसली पाहिजे, असा एक नियम होता. त्यामुळे भाऊंच्या पडद्याची पाहणी आधी फाटकातून झाली, मग रस्त्यापलीकडून झाली, मग “तुम्ही प्रत्यक्ष बसल्यावर कसे दिसाल?” हे बघण्यासाठी भाऊंना बाल्कनीत बसवून कमिटी खाली उभी राहिली. भाऊ डोळे मिटून बसले होते आणि खालून आवाज येत होते, “जरा डावीकडे सरका.” “पोट दिसतंय.” “पोटाबद्दल नियम नाही.” शेवटी तोडगा निघाला. पडदा अर्ध्याच बाल्कनीला. रस्त्याकडची बाजू झाकायची, आणि प्रवेशदाराकडची बाजू हवा खेळती राहावी म्हणून उघडी ठेवायची. हा तोडगा सेक्रेटरींनी स्वतः सुचवला होता, हे इथे मुद्दाम सांगून ठेवलं पाहिजे.

मग भाऊ बसू लागले. रोज सकाळी, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारीही. लोक येता-जाता वर बघायचे तर भाऊ ताठ बसलेले, डोळे मिटलेले, चेहरा गंभीर. चपलांवरून आवाज नाही, बादलीवरून आवाज नाही. बिल्डिंग थक्क झाली. आया मुलांना दाखवू लागल्या, “बघ, भाऊंसारखा माणूस सुधारला. तुला काय झालंय?” भाऊ ज्या विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचे, तिथेही त्यांच्याविषयी आदराने बोलू लागले. सोसायटीच्या निवडणुकीत जितक्या वेळा उभे राहिले तितक्या वेळा आपटलेल्या माणसाला, कुणाला मत न मागता, असा मान मिळत होता.

एकच अडचण होती, आणि ती भाऊंखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. डोळे काही मिटायचे नाहीत. म्हणजे मिटायचे, पण पूर्ण नाही. उजवी पापणी खाली जाता जाता किंचित अडायची आणि त्या फटीतून भाऊंना प्रवेशदार, पायऱ्या आणि अंगणाचा बराच भाग स्वच्छ दिसायचा. दुसऱ्याचं वर्तमानपत्र कोण आधी वाचून घडी घालून ठेवतं, कंगव्यातले केस कोण वरून खाली सोडतं, हे सगळं त्यांना समजलं होतं. हेही आपण साक्षीभावानेच बघतो आहोत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

मावशींना मात्र चैन पडेना. एकदा त्यांनी मुद्दाम बादली भाऊंच्या दारातच ठेवली आणि वाट बघितली. भाऊ बाहेर आले, बादलीला वळसा घालून गेले.

“भाऊ, बरं नाही का?”

“उत्तम आहे. का?”

“ओरडला नाहीत.”

“मी आता साक्षीभावात असतो, मावशी.”

“असं होय,” मावशी काळजीने म्हणाल्या. “डॉक्टरांना दाखवलं का?”

सगळं असं छान चाललेलं असताना एका रविवारी दुपारी ती काच फुटली.

बिल्डिंगला नुकतंच नवं काचेचं दार बसवलं होतं. आरपार दिसणारं, पितळी मुठीचं, सेक्रेटरींच्या कारकिर्दीचा कळस. सगळी बिल्डिंग जेवून सुस्तावली होती. मावशींनी पायऱ्या पुसल्या होत्या, मॉप दाराला टेकवून ठेवला होता आणि त्या बादली भरायला मागच्या नळावर गेल्या होत्या. भाऊ बाल्कनीत होते. पापणी आपल्या जागी होती. इतक्यात फाटकातून सेक्रेटरी आले. खांद्यावर पडद्याची लांबलचक पितळी दांडी. दार त्यांनी पाठीने ढकललं, अर्धे आत गेले आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. खांद्यावर दांडी आहे हे विसरून ते फोन काढायला गर्रकन वळले. दांडीचं मागचं टोक खळ्ळकन काचेत शिरलं.

सेक्रेटरी दगडासारखे उभे राहिले. मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि शेवटी वर बघितलं. थेट भाऊंकडे.

भाऊंची पापणी झटकन खाली आली. आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण मिटली.

क्षणभराने पावलं वाजली. दांडीसकट सेक्रेटरी वर गेले होते. आणि भाऊंना काय वाटलं असेल? आनंद! काच फुटली, आवाज झाला, समोर एवढं घडलं आणि आपल्या काळजाचा ठोकासुद्धा चुकला नाही. पूर्वीचे भाऊ असते तर कठड्यावरून ओरडून त्यांनी शेजारच्या दोन बिल्डिंगा जाग्या केल्या असत्या. आज ते फक्त साक्षी होते. आपल्याला बहुधा सिद्धी मिळाली, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

थोड्या वेळात सगळी बिल्डिंग खाली जमली. सेक्रेटरीही आले, खांद्यावर टॉवेल टाकून, आत्ताच झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत. “काय झालं काय?” काचांच्या खचात मावशींचा मॉप पडला होता. सगळ्यांनी मॉपकडे बघितलं, मग मावशींकडे.

“मी नळावर होते,” मावशी म्हणाल्या. “मॉप नुसता टेकवला होता.”

“टेकवला होता ना? तो घसरला,” सेक्रेटरी म्हणाले. आवाज चढवून नाही, उलट जरा घाईनेच. “मी कधीचा सांगतोय, सफाईला कंपनीची माणसं लावू. येत्या रविवारी मीटिंग घेऊ आणि ठरवून टाकू.”

“तर मग मी काय करायचं?” मावशींनी विचारलं. कुणाला अचानक गॅसवर ठेवलेलं काही आठवलं, कुणाला फोन आला.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत वहिनींनी विषय काढला. “तुम्ही बाल्कनीत होतात ना दुपारी?”

“ध्यानात होतो.”

“ध्यानात होतात? मग सेक्रेटरींनी नवा शर्ट घातलाय आणि तो त्यांना घट्ट होतोय, हे मला कुणी सांगितलं?”

भाऊ पाणी प्यायले. वहिनींनी पुढे काही विचारलं नाही, पण त्यांची ती न विचारण्याची पद्धत भाऊंच्या चांगल्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दाराशी आल्या. बादली खाली ठेवून आल्या होत्या. “भाऊ, तुम्ही तिथंच बसलेले होता. मी काही फोडली नाही. तुम्ही सांगाल का मीटिंगमध्ये?”

आता इथे सरळ माणसाने हो किंवा नाही म्हणायचं असतं. भाऊ म्हणाले, “मावशी, मी फक्त साक्षी होतो.”

मावशींचा चेहरा उजळला. “साक्षी होता? मग मिटलंच की! मला वाटलं तुम्ही बघितलंच नाही का काय!” आणि भाऊंना तोंड उघडायची संधी न देता त्या जिना उतरल्या. उतरता उतरता दर मजल्यावर... पहिल्या मजल्याखाली तळमजलाच होता, म्हणून त्या पुन्हा वर चढल्या आणि दर मजल्यावर सांगत गेल्या, “भाऊ साक्षी आहेत! भाऊंनी स्वतः सांगितलं!”

भाऊ ऑफिसमधून परतले तोवर ही बातमी बिल्डिंगभर पिकली होती. पहिल्यांदा मास्तर आले. “अभिनंदन. शब्द फार नेमका वापरलात. साक्षी. स म्हणजे सह, अक्ष म्हणजे डोळा. ज्याने डोळ्यांसह, म्हणजे डोळ्यांदेखत बघितलं तो साक्षी.”

“मास्तर, मी वेगळ्या अर्थाने म्हणालो. हा साक्षी म्हणजे साक्षीदार नव्हे.”

“असं व्याकरणात कुठेही नाही,” मास्तर म्हणाले. “डोळे मिटलेला साक्षी ही चूक आहे. मी खूण करून ठेवली असती.”

मास्तर गेले आणि सेक्रेटरी आले. चेहरा उतरलेला, त्यावर ओढूनताणून आणलेलं हसू. बराच वेळ ते पडदा कसा शोभून दिसतो यावर बोलले. मग म्हणाले, “ते तुम्ही साक्षी म्हणालात म्हणे. म्हणजे... कुठल्या अर्थाने?”

इथेही सरळ उत्तर देता आलं असतं. पण सेक्रेटरींच्या हातात एक किल्ली होती आणि भाऊंची नजर तिच्यावर गेली होती. ती गच्चीवरच्या खोलीची होती.

“आध्यात्मिक,” भाऊ म्हणाले.

सेक्रेटरींनी केवढा तरी श्वास सोडला. “तेच म्हटलं! अहो, काच फुटली तरी तुमचे डोळे उघडले नाहीत. अशी समाधी आम्ही तरी बघितली नाही. गच्चीवरच्या खोलीत रोज सकाळी सगळ्यांना तुम्ही ध्यान शिकवावं, असं कमिटीच्या मनात आहे. रविवारी मीटिंगमध्ये जाहीरच करतो. ही किल्ली आत्तापासूनच ठेवा.”

किल्ली भाऊंनी घेतली. घेताना ‘मी काही मागितली नव्हती’ असा विचार त्यांनी केला, आणि तो खराही होता.

संध्याकाळी जिन्यात मावशी भेटल्या. त्यांना एव्हाना कुणीतरी आध्यात्मिक अर्थ समजावून सांगितला होता. “भाऊ, तुमचे शब्द मला कळत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण बघितलंत का नाही?”

भाऊ जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. मावशी ओरडतील, भांडतील, असं भाऊंना वाटलं. खरं तर त्यांना तसं हवंच होतं. पण मावशी नुसतं “बरं” म्हणाल्या आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून भाऊंच्या मजल्यावर त्या अगदी आवाज न करता झाडू लागल्या. साहेबाच्या खोलीत शिपाई वागतो तसं.

आणि ध्यान? ते गेलंच. डोळे मिटले की बादली दिसायची. डोळे उघडले की खालच्या दाराला ठोकलेलं प्लायवूड दिसायचं. श्वास बघायला जावं तर श्वासाच्या जागी ‘बरं’ ऐकू यायचं. भाऊंनी किल्ली कपाटात ठेवून बघितली, टेबलावर ठेवून बघितली, उशीखाली ठेवून बघितली. बसता येईना, तर उशी वाकडी, असं म्हणत उशीही बदलून झाली.

ऑफिसात वेगळीच कथा. एक गृहस्थ आले. भर बाजारात, भर दुपारी त्यांच्या स्कूटरला मागून कुणीतरी धडक देऊन गेलं होतं. भाऊंनी नेहमीच्या सवयीने विचारलं, “साक्षीदार आहे का कुणी?”

“बाजार भरलेला होता हो साहेब. सगळे बघत होते.”

“मग आणा की एखाद्याला.”

“विचारलं सगळ्यांना,” ते गृहस्थ म्हणाले. “बघत सगळेच होते, पण बघितलं मात्र कुणीच नाही.”

असली वाक्यं भाऊंनी नोकरीत शेकड्याने ऐकली होती आणि शेकड्याने माणसं परत पाठवली होती. त्या दिवशी मात्र ते “जरा पाणी पिऊन येतो” म्हणून उठले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

शनिवारी त्यांनी ध्यानवाल्या सरांना गाठलं. सर हॉलच्या दाराशी वाकून आपली एक चप्पल शोधत होते. भाऊंनी सगळी हकीकत सांगितली. दांडी, फोन, पापणी, किल्ली, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, “सर, मी शंभर टक्के साक्षीभाव ठेवला. तरी मन का शांत होत नाही? माझ्या बसण्यात काही चुकतंय का?”

सर चप्पल शोधायचे थांबले. “पहिल्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. दाराशी. चपलांच्या...”

“अस्सं. ते तुम्ही होय!” सर सरळ उभे राहिले. “अहो, पहिला दिवस वागण्याचा होता. बसायचं त्याच्यानंतर. तो सोडून तुम्ही थेट दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केलीत.”

“पण तुम्हीच म्हणालात, साक्षी व्हा.”

“साक्षी व्हा म्हणालो. मुके व्हा म्हणालो का?” सर चांगलेच चिडले होते. ध्यान शिकवणारा माणूस चिडतो हे बघून भाऊंना जरा धीरच आला. “रागाने आंधळं होऊन ओरडू नका, म्हणून तो साक्षीभाव. नीट दिसावं म्हणून. दिसल्यावर तोंडाला कुलूप लावायला कोणी सांगितलं? आणि आता ती माझी चप्पल दिसते का कुठे बघा.”

चप्पल भाऊंच्याच पायाखाली होती.

रविवारची मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलामागे सेक्रेटरी. मावशी एका बाजूला खांबाला टेकून उभ्या होत्या. बसा म्हणून कुणी म्हणालं नव्हतं. भाऊंनी येताना किल्ली खिशात आणली होती. काय करायचं हे त्यांचं ठरलेलं होतं, पण हात पुन्हा पुन्हा त्या किल्लीकडे जात होता. राग आलेला असला की बोलणं सोपं असतं, तोंड आपोआप चालतं. आज राग नव्हता. आज जे बोलायचं ते शुद्धीवर राहून बोलायचं होतं, आणि त्यात स्वतःचीच अब्रू जाणार होती.

“पहिला विषय आनंदाचा,” सेक्रेटरींनी सुरुवात केली. “आपले भाऊ...”

“माझे डोळे उघडे होते,” भाऊ म्हणाले.

उभं राहायचं विसरल्यामुळे ते बसूनच म्हणाले. कुणाला कळलं नाही. तेव्हा ते उभे राहिले. “त्या दुपारी माझे डोळे उघडे होते. म्हणजे एक होता. थोडासा. तो रोजच असतो. मला पूर्ण मिटून बसता येत नाही. तुम्ही सगळे जी समाधी म्हणता ती समाधी नाही, मी फटीतून बघत असतो.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. भाऊंचे कान लाल झाले. तेवढ्यात काकूंचं हसू अर्ध्यावर थांबलं. “म्हणजे रोज? सगळं दिसायचं तुम्हाला?” आणि त्यांचा हात नकळत आपल्या केसांकडे गेला. वर्तमानपत्र आधी वाचणारे गृहस्थ एकदम बुटांची नाडी बांधू लागले. हसणं भराभर ओसरलं.

“काच मॉपने फुटली नाही,” भाऊ म्हणाले. “मावशी नळावर होत्या. काच सेक्रेटरींच्या हातून फुटली. खांद्यावर पडद्याची दांडी होती, फोन वाजला, ते वळले. मुद्दाम केलं नाही. कुणाच्याही हातून झालं असतं. मी बघितलं आणि गप्प बसलो, ते मात्र मुद्दाम केलं.” त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “ही मला गप्प बसण्याबद्दल मिळाली. मला नको.”

सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरींकडे वळल्या. आता चोराच्या उलट्या बोंबा होणार, असं भाऊंना वाटलं आणि ते मनातून तयार झाले. पण सेक्रेटरींनी टेबलावरच्या किल्लीकडे बघितलं, दुसऱ्या रांगेतल्या आपल्या बायकोकडे बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले.

“ही म्हणाली होती, दांडी माणूस पाठवून आणा,” ते हळूच म्हणाले. “मी म्हटलं, मीच आणतो. आणि दार तर मीच बसवून घेतलेलं. वाटलं, सगळे हसतील.” मग ते खांबाकडे वळले. “मावशी, चुकलं माझं. मी वर गेलो आणि वाटलं, खाली जाऊन सांगावं. आलो तर तुमचा मॉप दिसला.”

“मॉपला काय तोंड आहे होय बोलायला!” मावशी म्हणाल्या, आणि आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांचा खणखणीत आवाज पार्किंगभर घुमला. “मला तरी विचारायचं! मी काय म्हणाले असते? दांडी लागली तर लागली. काच काय तुमच्या सासऱ्यांनी दिली होती?”

सेक्रेटरींच्या बायकोलाच हसू आवरेना. कंपनीची माणसं लावण्याचा विषय कुणी काढलाच नाही. मास्तरांनी उठून एवढंच नोंदवलं की आज शब्द योग्य अर्थाने वापरला गेला. मग मावशींसाठी काकूंनी स्वतःची खुर्ची पुढे केली, आणि “मी खाली बसून ऐकायला थोडीच आलेय” म्हणून मावशी तिच्यावर ऐसपैस बसल्या. भाऊ घरी आले तेव्हा वहिनींनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. चहा त्यांनी डॉक्टरांच्या धाकाने कधीचा बंद केला होता.

गच्चीवरची खोली सोसायटीकडेच राहिली. भाऊंचा मान तर पार धुळीला मिळाला. येणारा-जाणारा वर बघून ओरडायचा, “काय भाऊ, आज उजवा का डावा?” कुणी बाल्कनीखालून जाताना केस नीट करायचं, कुणी मुद्दाम हात हलवायचं. भाऊ चिडायचे, पण पूर्वीइतकं नाही, आणि चिडून झाल्यावर पुन्हा बसायचे. पडदा पूर्ण बाल्कनीला लावा, अशी विनंती आता कमिटीनेच केली होती. भाऊंनी ती फेटाळली. मास्तरांनी क्रियापदाला हरकत घेतली नाही.

मग एका सकाळी असं झालं, की भाऊ बसले आणि बादली दिसली नाही. प्लायवूड दिसलं नाही, नवी काच दिसली नाही. खालून मावशींच्या झाडूचा आवाज येत होता, पूर्वीसारखा खरखरीत, बिनधास्त. तो ऐकता ऐकता श्वास येत राहिला, जात राहिला आणि पापणी कधी खाली टेकली ते त्यांना कळलंच नाही.

“भाऊ! अहो भाऊ!” खालच्या गलक्याने ते भानावर आले. पायऱ्यांशी घोळका होता. काकूंची नवी कुंडी फुटून माती पसरली होती आणि कोणी फोडली यावर जोरात चर्चा चालू होती. “तुम्ही वरच आहात. सांगा, कोण होतं?”

भाऊंनी खरोखर आठवून बघितलं. “मला नाही माहीत. मी बघितलं नाही. डोळे मिटले होते.”

सगळे खो खो हसले. “पुरे आता!” “दोन्ही का?” सेक्रेटरी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, “अहो भाऊ, आता घाबरू नका, सांगून टाका!”

“खरंच सांगतो,” भाऊ म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं खरोखर ध्यान लागलं होतं आणि नेमकं तेच कुणाला पटत नव्हतं. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि घोळक्यात शिरल्या. “नाही म्हणाले ना? मग नाही बघितलं,” त्या म्हणाल्या. “ते खोटं बोलत नाहीत. सरा बाजूला, मला माती गोळा करू द्या.”

लोक गुमान बाजूला सरले. भाऊ कठडा धरून उभे होते आणि त्यांना खालचं काही नीट दिसत नव्हतं, कारण दोन्ही डोळे भरून आले होते.